दलाल की हुंडेकरी? सांगली-मिरजेतल्या नव्या फॉरवर्डरसाठी दायित्व विम्याची वाट

हळदीच्या २८० पोत्यांपैकी वरच्या थरातली ४१ पोती भिजली होती. कंटेनर सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या गोदामात भरला, गाडीने न्हावा-शेवाला गेला आणि तिथून जहाजाने जबेल अलीला. निर्यातदाराने मालाचा विमा काढला होता. त्याला पैसे मिळाले आणि मला वाटलं, प्रकरण मिटलं. पाच महिन्यांनी माझ्या नावाने नोटीस आली. पाठवणारी तीच विमा कंपनी. मजकूर साधा होता: आम्ही आमच्या ग्राहकाला भरपाई दिली, त्याचे हक्क आता आमच्याकडे आले, तेव्हा वाहतूकदार या नात्याने ही रक्कम तुम्ही भरा.

मी आणि वाहतूकदार? मी फॉरवर्डर, म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या-जहाजांतून माल पाठवायची व्यवस्था करणारा. तेव्हा माझ्या मालकीची चाकं मोजली तर दोनच होती, तीही स्कूटरची. पण बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या वाहतूकदाराच्या पावतीच्या, डोक्यावर माझ्या फर्मचं नाव होतं आणि खाली सही माझीच. ‘पार्टीचा विमा आहे ना, मग आपल्याला काय’ हे वाक्य मिरजेतल्या दहा फॉरवर्डरांपैकी आठजण अजूनही म्हणतात. मीही म्हणायचो. मालाचा विमा माल ज्याचा त्याला वाचवतो. तुम्हाला वाचवायचं काम तुमच्या दायित्वाच्या विम्याचं, म्हणजे लायबिलिटी पॉलिसीचं. ती कशी घ्यायची, ते मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं त्या क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : आपण कोण आहोत ते ठरवा

विमा एजंटला फोन नंतर करा. आधी आपले गेल्या तीन महिन्यांतले कागद टेबलावर पसरा आणि प्रत्येकावर आपलं नाव कुठे आणि कोणत्या नात्याने आहे ते बघा.

जुन्या व्यापारी भाषेत यासाठी दोन चोख शब्द आहेत. दलाल दोघांची गाठ घालून देतो आणि आपली दलाली घेतो. हुंडेकरी एकरकमी भाडं ठरवतो आणि ‘माल तिथे पोचवणं माझ्याकडे लागलं’ म्हणतो. मधल्या गाड्या, जकात, हमाली सगळं त्याच्या अंगावर. आजचा मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर, म्हणजे एमटीओ, हा हुंडेकरीच. फक्त त्याच्या वाटेत आता ट्रक, रेल्वे, जहाज आणि विमान येतं.

तुम्ही शिपिंग लाइनचं, म्हणजे जहाज कंपनीचं, बुकिंग करून दिलं, बिल ऑफ लेडिंग लाइनचंच निघालं आणि तुम्ही फक्त सर्व्हिस चार्ज लावला, तर तुम्ही दलाल. तेव्हा जबाबदारी चुकांची असते: चुकीचं बंदर लिहिलं, कागद उशिरा पाठवले, मालाच्या वर्गाचा एचएस कोड चुकला, रीफरचं (थंड कंटेनरचं) तापमान शून्याऐवजी दहा टाकलं. पण तुम्ही स्वतःचं हाउस बिल, म्हणजे आपल्या फर्मच्या नावाचं बिल ऑफ लेडिंग, किंवा मल्टिमोडल डॉक्युमेंट दिलं, किंवा सांगली ते रॉटरडॅम असा एकच दर लावून इन्व्हॉइस फाडलं, की तुम्ही हुंडेकरी झालात. मग ट्रक ड्रायव्हरची डुलकी, बंदरावरच्या क्रेनचा धक्का, जहाजावरचा ओलावा, सगळं आधी तुमच्या दारात येतं.

बहुतेकजण दोन्ही असतात. सकाळी दलाल, दुपारी हुंडेकरी. त्यात गैर काही नाही. फक्त पॉलिसीत दोन्ही भूमिका लिहिलेल्या हव्यात. माझ्या ओळखीच्या एकाने नुसती ‘एरर्स अँड ओमिशन्स’ची पॉलिसी घेतली होती, म्हणजे कागदातल्या चुकांची. माल खराब झाल्यावर ती उघडली तेव्हा कळलं, मालाच्या नुकसानीचा तिच्यात एक शब्दही नाही.

दुसरी पायरी : नोंदणी

ट्रक आणि जहाज अशा किमान दोन साधनांनी, एकाच कराराखाली, भारतातून परदेशात माल नेण्याचा धंदा करायचा तर मल्टिमोडल ट्रान्सपोर्टेशन ऑफ गुड्स ॲक्ट, १९९३ प्रमाणे नोंदणी लागते. ती मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजी शिपिंगकडे होते. कायद्याने ५० लाखांची उलाढाल किंवा तितकंच भागभांडवल मागितलं आहे, शिवाय किमान दोन इतर देशांत कार्यालय, एजंट किंवा प्रतिनिधी. नव्या माणसाला हे लगेच जमत नाही, म्हणून तो मुंबईच्या एखाद्या नोंदणीकृत एमटीओचं डॉक्युमेंट वापरतो. चालतं. पण त्या एमटीओबरोबर लेखी करार करा आणि सही करताना ‘एजंट म्हणून’ हे शब्द लिहायला विसरू नका. विमा कंपनी नोंदणीबद्दल विचारते. नोंदणी नसताना स्वतःचं डॉक्युमेंट फाडत असाल, तर पॉलिसी घेऊनही तुम्ही ठिसूळ जमिनीवर उभे आहात.

आणखी एक. हा कायदा फक्त निर्यातीचा आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यासाठी चीनहून मशीन आणत असाल, तर त्या कामाला तो लागू नाही. तिथे तुमची जबाबदारी करारावर आणि तुमच्या व्यापारी अटींवर ठरते. आयात करत असाल तर पॉलिसीत तसं वेगळं लिहून घ्या.

तिसरी पायरी : किती पैशांना अडकू शकता, ते मोजा

ही पायरी किचकट आहे आणि इथेच बहुतेक लोक कंटाळतात. कंटाळू नका, कारण पॉलिसीची रक्कम यावरच ठरते.

१९९३ च्या कायद्यात सिद्ध करायचं ओझं उलटं आहे. माल तुमच्या ताब्यात आल्यापासून सोपवेपर्यंत बिघडला, तर चूक तुमचीच असं धरून चालतात. आपली, आपल्या नोकरांची, एजंटांची चूक नव्हती हे तुम्ही सिद्ध करायचं. पण भरपाईला मर्यादा आहे. मालाचा प्रकार आणि किंमत डॉक्युमेंटवर जाहीर केलेली नसेल, तर दर किलोला २ एसडीआर किंवा दर पॅकेजला ६६६.६७ एसडीआर, यातलं जे जास्त ते. प्रवासात समुद्र किंवा अंतर्गत जलमार्ग नसेलच, तर किलोला ८.३३ एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड यांच्या टोपलीवर ठरणारं. त्याचा भाव रोज बदलतो. इथल्या हिशेबापुरता १२० रुपये धरू.

आता हळद. समजा १४ टन, भाव किलोला १५० रुपये, म्हणजे माल २१ लाखांचा. किलोला २ एसडीआर म्हणजे २४० रुपये. मर्यादा भावाच्या वर गेली, म्हणजे हळदीत मर्यादेचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. सगळा माल गेला तर सगळे २१ लाख.

कुपवाडच्या फाउंड्रीतलं कास्टिंग घ्या. एक पॅलेट, वजन १००० किलो, किंमत ६ लाख. डॉक्युमेंटवर ‘१ पॅलेट’ एवढंच असेल तर मर्यादा २००० एसडीआर, म्हणजे २ लाख ४० हजार. तिथेच ‘१ पॅलेट, त्यात ४० बॉक्स’ लिहिलं, तर कायद्याने ४० पॅकेजेस धरली जातात, मर्यादा ३२ लाखांवर जाते आणि तुम्ही पूर्ण ६ लाखांना अडकता. एका ओळीने ३ लाख ६० हजारांचा फरक पडला. म्हणून बॉक्स लपवा असं मी सांगत नाही. बँकेच्या एलसीला, म्हणजे पतपत्राला, आकडा लागतोच, आणि खोटं लिहिलं तर वेगळीच पंचाईत. फक्त जो कारकून ही ओळ टाइप करतो, त्याला ती किती लाखांची आहे हे ठाऊक असू द्या.

मिरजेचा तानपुरा विमानाने जातो तेव्हा हिशेब निराळा. माँट्रियल कराराची मालासाठीची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून किलोला २६ एसडीआर आहे. पेटीसकट १५ किलो, म्हणजे ३९० एसडीआर, साधारण ४६,८०० रुपये. भोपळा तडकला आणि वाद्य लाखाचं असेल, तर बनवणाऱ्याला अर्धेच मिळतील. त्याला आधीच सांगा: किंमत जाहीर कर, जास्तीचा आकार भर, नाहीतर मालाचा वेगळा विमा काढ. हे सांगितल्याचा मेसेज जपून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. माल नेमका कोणत्या टप्प्यात बिघडला हे कळलं, तर त्या टप्प्याचा कायदा लागतो. रस्त्यावर बिघडला तर कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ आणि त्याचे २०११ चे नियम. तिथे जास्त किंमत जाहीर केली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंत. सांगली ते न्हावा-शेवा भाडं समजा ३५ हजार ठरलं, तर साडेतीन लाख. पण टप्पा कळलाच नाही, तर तुम्ही एसडीआरच्या हिशेबाने देता आणि कोणाकडूनच वसूल करू शकत नाही. ट्रकवाला म्हणतो माझ्याकडे कोरडा होता, लाइन म्हणते सील शाबूत होतं. दोघंही खरं बोलत असतात. माझ्या ४१ पोत्यांचं असंच झालं. कंटेनरच्या छताला सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं, ते कधी पडलं हे आजतागायत कोणाला माहीत नाही. भरण्याआधी आत उभं राहून दार लावून घ्यायचं आणि काळोखात कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का ते बघायचं, एवढंच काम होतं. दोन मिनिटांचं. हमाल घाईत होते, मीही होतो. दायित्वाचा विमा नव्हता, म्हणून माझ्या खिशातून २ लाख ८० हजार गेले आणि त्या वर्षीचा नफा तेवढाही नव्हता.

उशिराबद्दल थोडक्यात. ‘माल अमुक तारखेला पोचलाच पाहिजे’ असं निर्यातदाराने लेखी जाहीर केलं आणि तुम्ही ते मान्य केलं, तरच उशिराची भरपाई लागते, आणि तीही त्या मालाच्या भाड्यापर्यंतच. द्राक्षाच्या हंगामात तासगावचा निर्यातदार रात्री अकराला व्हॉट्सॲपवर विचारतो, ‘चोवीस दिवसांत रॉटरडॅम नक्की ना?’ ‘हो साहेब, नक्की’ असं उत्तर देऊ नका. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली, तेव्हा असे ‘नक्की’ लिहिणाऱ्यांची झोप उडाली होती. उशिराचं नुकसान बहुतेक पॉलिसीत बाहेर ठेवलेलं असतं, मालाच्या विम्यातही.

चौथी पायरी : आपल्या व्यापारी अटी छापा

इन्व्हॉइस, कोटेशन, ईमेलच्या तळाशी ‘आमचं काम आमच्या प्रमाणित व्यापारी अटींनुसार’ असं लिहिलेलं हवं आणि त्या अटी ग्राहकाला काम सुरू होण्याआधी मिळायला हव्यात. फॉरवर्डरांच्या संघटनांचे नमुने मिळतात. विमा कंपनी या अटींची प्रत मागते आणि दर त्यावरही ठरवते. मोठा कारखाना स्वतःचा करार पुढे करतो, त्यात ‘पूर्ण नुकसान, उत्पादन थांबल्याचा तोटा, दंड’ असं कलम असतं. सही करण्याआधी ते विमा कंपनीला दाखवा. कायद्यापेक्षा जास्त जबाबदारी करारातून ओढवून घेतली, तर तेवढा भाग पॉलिसी सहसा उचलत नाही.

पाचवी पायरी : प्रपोजल फॉर्म

फॉर्ममध्ये विचारतात: वर्षाचं एकूण भाडं किती, कंटेनर किती, समुद्र-हवाई-रस्ता वाटा किती, कोणते देश, कोणता माल, उपकंत्राटदार कोण, स्वतःचं गोदाम किंवा गाड्या आहेत का, गेल्या काही वर्षांतले दावे. प्रीमियम बहुतेक वेळा भाड्याच्या उलाढालीवर बसतो. सुरुवातीला अंदाजी भरायचा, वर्षाखेरीस खरा आकडा देऊन हिशेब मिटवायचा. त्यावर १८ टक्के जीएसटी.

प्रीमियम कमी यावा म्हणून उलाढाल कमी दाखवायचा मोह होतो. करू नका. जुना दावा लपवणं तर त्याहून वाईट. तेवढ्यावरून नवा दावा नाकारता येतो. द्राक्ष, डाळिंब, बेदाणा नेत असाल तर ‘नाशवंत माल’ असं स्पष्ट लिहा. ‘ॲग्रो प्रॉडक्ट्स’ या गोलमाल शब्दाने पुढे भांडण होतं. रीफरचा माल अनेक पॉलिसींत वेगळ्या अटीवरच घेतात: प्री-कूलिंगची नोंद, तापमानाचा लॉगर, सेट तापमानाची लेखी सूचना. नव्या धंद्याला दाव्यांचा इतिहास नसतो, तेव्हा किमान प्रीमियम लागतो आणि तो थोडा टोचतो.

सहावी पायरी : पॉलिसी मागून पुढे वाचा

मी वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचतो. मग अटी, मग रक्कम, आणि सगळ्यात शेवटी पहिल्या पानावरची गोड वाक्यं.

वगळलेल्यांमध्ये युद्ध, अणू, जाणूनबुजून केलेली चूक, मालकाची अप्रामाणिकता, उधारी बुडणं हे असायचंच. सोनं, रोकड, कलाकृती बहुतेक बाहेर असतात. मिरजेच्या वाद्यांचं काम करणाऱ्याने ‘कलाकृती’ या शब्दात सतार येते का, हे लेखी विचारून घ्यावं. लोकांना बुडवणारं कलम मात्र वेगळं आहे: मूळ बिल ऑफ लेडिंग हातात नसताना माल सोडणं. दुबईचा खरेदीदार फोन करतो, बँकेत कागद अडकलेत, डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) चढतंय, सोडून द्या. ओळखीपोटी सोडला, खरेदीदाराने पैसे दिले नाहीत, की निर्यातदार संपूर्ण किंमत तुमच्याकडे मागतो. पॉलिसीत हे सर्रास वगळलेलं असतं. मूळ बिल परत जमा (सरेंडर) झाल्याशिवाय किंवा बँकेची हमी मिळाल्याशिवाय माल सोडायचा नाही. चुलत्याचा माल असला तरी नाही.

रकमेचे दोन आकडे असतात: एका घटनेला किती आणि वर्षाला एकूण किती. एका घटनेची रक्कम ठरवताना एकाच जहाजावर तुमचे जास्तीत जास्त किती कंटेनर असतात ते बघा. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ हे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ सहाशेहून अधिक कंटेनरांसह बुडालं. अशा वेळी एकाच घटनेतून पाच-सहा दावे येतात. बचावाचा वकिली खर्च या रकमेच्या आत आहे की वर, हेही विचारा. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, किती आहे तेही तपासा. प्रीमियम कमी दिसला की ती बहुतेक फुगवलेली असते. आपले नेहमीचे दावे लाख-दीड लाखांचे असताना डिडक्टिबल दोन लाख घेतली, तर पॉलिसी फक्त भिंतीवर टांगायला.

पॉलिसी क्लेम्स-मेड आहे का ते बघा. असेल तर दावा पॉलिसी चालू असताना यायला लागतो, घटना केव्हाची आहे यापेक्षा ते महत्त्वाचं. एमटीओवर दावा लावायची मुदत नऊ महिने आहे, विमानाच्या मालाला दोन वर्षं. म्हणून मध्ये खंड पडू देऊ नका आणि कंपनी बदलली तर रेट्रोॲक्टिव्ह डेट, म्हणजे ज्या तारखेपासूनच्या घटना पॉलिसी धरते ती, जुनीच ठेवा. अमेरिका आणि कॅनडातले दावे अनेकदा बाहेर असतात. हळद तिकडे पाठवत असाल तर जास्तीचा प्रीमियम भरून आत घ्या.

सातवी पायरी : गाडीवाल्याचे कागद

ट्रकचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा ट्रकचा असतो, त्यातल्या मालाचा नाही. खंबाटकीच्या घाटात गाडी उलटली तर मोटर पॉलिसीतून केबिन दुरुस्त होईल, द्राक्षाच्या पेट्या नाही. वाहतूकदाराकडे कॅरिअर्स लीगल लायबिलिटी पॉलिसी आहे का, ती त्याच नंबरच्या गाडीवर आहे का, चालू आहे का, हे तीन प्रश्न गाडी लावण्याआधी विचारा आणि प्रत फाइलला लावा. कॅरेज बाय रोड ॲक्टची नोंदणी आहे का, हेही पाहा. नेहमीचा गाडीवाला ऐनवेळी स्वतःची गाडी न देता स्टँडवरची दुसरी पाठवतो. हंगामात हे रोज होतं. एलआरवरचा (ट्रकच्या मालपावतीवरचा) नंबर आणि दारातली गाडी जुळवून मगच माल चढवा.

आठवी पायरी : दावा आला तर

पहिल्या दिवशीच विमा कंपनीला लेखी कळवा. ‘बघू, मिटेल’ म्हणत महिना काढलात तर पॉलिसीतली कळवायची मुदत निघून जाते. ग्राहकाला ‘आमचीच चूक झाली, भरून देऊ’ असं लिहू नका. नातं जपायला तोंडाने हळहळ व्यक्त करा. लेखी फक्त ‘कळलं, चौकशी करतो’.

त्याच दिवशी तुमच्या मागच्यांनाही नोटीस द्या. ट्रकवाल्याला माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस लागते. विमानाच्या मालाचं नुकसान असेल तर माल मिळाल्यापासून १४ दिवसांत. मल्टिमोडलमध्ये बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची सूचना घेणाऱ्याने सहा दिवसांत द्यायची असते. ती उशिरा आली असेल तर माल ठीक पोचला असं धरण्याला आधार मिळतो. म्हणून आलेल्या पत्रावर तारखेचा शिक्का मारा. खराब माल फेकू देऊ नका, सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, येईपर्यंत तसाच ठेवायला सांगा. शक्य असेल तर लाइनच्या माणसासमोर एकत्र सर्व्हे करा.

फाइलमध्ये लागतं ते: रिकाम्या कंटेनरचे आतून-बाहेरून फोटो, भरताना दर दोन रांगांनी एक फोटो, सील नंबरचा फोटो, टॅली शीट (पोती-पेट्यांच्या मोजणीचा कागद), एलआर, बंदरावरचं गेट-इन कागदपत्र, रीफर असेल तर लॉगरचा आलेख. माझ्या कार्यालयात आता रिकाम्या कंटेनरच्या छताचा दार बंद करून काढलेला एक काळा फोटोही असतो. नवीन पोराला पहिल्यांदा विचित्र वाटतं, काळ्या चौकोनाचा फोटो कशाला म्हणून.

पॉलिसीची सुरुवात कोणत्या महिन्यात करायची हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्ष निघतात, हळदीचे सौदे चालू असतात, वरून आर्थिक वर्षाची अखेर. त्या गर्दीत नूतनीकरणाचा मेल इनबॉक्सच्या तळाशी जातो आणि दोन-चार दिवसांचा खंड पडतो. पॉलिसी जूनमध्ये सुरू करा. पाऊस लागलेला असतो, कार्यालयात जरा शांतता असते आणि फॉर्म दोनदा वाचायला वेळ मिळतो.